क्षौम म्हणजे रेशीम नव्हे

संस्कृत ग्रंथांचीं मराठी भाषांतरें वाचतांना ‘क्षौम’ हा शब्द आला कीं भाषांतरकार बहुधा ‘रेशमी वस्त्र’ असा अर्थ देऊन पुढें जातो. पुराण सांगणारांचा प्रघात तोच, नाटकांच्या शालेय आवृत्त्यांतील टीपांचा प्रघात तोच, आणि धर्मकृत्यांच्या पोथ्यांवरील मराठी विवरणांचाहि तोच. हा अर्थ अगदींच निराधार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. उत्तरकालीन वाङ्मयांत क्षौम, दुकूल व पट्ट हे शब्द एकमेकांच्या जागीं आलेले दिसतात. परंतु जुन्या साधनांत क्षौम आणि कौशेय या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. एक वनस्पतीच्या सालींतून निघते, दुसरी किड्याच्या कोशांतून. हा भेद पुसला गेल्यामुळें वस्त्रांचा एक सबंध वर्गच आपल्या स्मरणांतून नाहींसा झाला आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

विषय केवळ शब्दार्थापुरता असता तर आम्हीं तो चार ओळींत आटोपला असता. पण आजच्या व्यवहाराचा एक धागा त्यांत गुंतलेला आहे. तयार कपडे शिवून परदेशीं पाठविणारे कारखानदार अलीकडे कापड निवडतांना केवळ भाव, पोत आणि रंग पाहून भागवूं शकत नाहींत. तंतु कोणत्या पिकाचा, त्या पिकानें पाणी व औषधें किती घेतलीं, कापड किती वर्षें टिकेल आणि विटल्यावर मातींत मिसळेल कीं नाहीं, हेंहि गिऱ्हाइकें त्यांस विचारूं लागलीं आहेत. आमचे एक जुने विद्यार्थी या धंद्यांत आहेत. युरोपांतून येणाऱ्या तंतूचें ‘लिनन’ नांवाचें कापड ते वापरतात. तें दाखवून त्यांनीं आम्हांस विचारलें कीं, असलें कापड आपल्याकडे कधीं होतेंच नाहीं काय? होतें, आणि त्याचें नांवच क्षौम, हें आमचें उत्तर. त्याचीं प्रमाणें पुढें देत आहों.

प्रथम शब्द पाहूं. क्षौम हें ‘क्षुमा’ या नामापासून झालेलें तद्धित रूप आहे. क्षुमा म्हणजे काय, हें अमरसिंहानें वैश्यवर्गांत धान्यांच्या मालिकेंत सांगून ठेविलें आहे. अतसी, उमा आणि क्षुमा हीं त्याच्या मतें एकाच पिकाचीं तीन नांवें. यांपैकीं अतसीचें प्राकृतांतून उतरलेलें रूप म्हणजे आपली अळशी, जिला जवस असेंहि म्हणतात. तेव्हां क्षौम याचा अक्षरार्थ ‘जवसाचें’ एवढाच आहे. जवसाचें तेल असतें, जवसाची चटणी असते. जवसाचें रेशीम कोणत्या झाडाला लागतें, तें भाषांतरकारांनींच सांगावें.

पाणिनीच्या सूत्रपाठांत ‘उमा’ दोन ठिकाणीं भेटते. पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांतील चवथ्या सूत्रांत तीळ, उडीद, उमा, भंगा व अणु यांच्या शेतांना कोणता प्रत्यय लागतो तें सांगितलें आहे. म्हणजे उमा हें शेतांत पेरलें जाणारें पीक, आणि तिच्या शेजारीं भंगा, म्हणजे भांग, हें दुसरें तंतूचें पीक. चवथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांतील १५८ वें सूत्र याहून महत्त्वाचें आहे. ‘अमक्याचा विकार’, म्हणजे अमक्या द्रव्यापासून केलेली वस्तु, हा अर्थ तेथें चालू आहे, आणि त्या अर्थीं उमा व ऊर्णा या दोन शब्दांना एकत्र घेऊन प्रत्ययाचा विकल्प सांगितला आहे. ‘औम’ म्हणजे वस्त्रच, असें सूत्र तोंडानें म्हणत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु लोकरीच्या जोडीनें उमेचें नांव यावें, याचा सरळ अर्थ दोहोंपासून सूत निघत होतें असाच होतो. उलट कौशेय हा शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें त्याच पादांत ‘कोश’ शब्दाकरितां स्वतंत्र सूत्र, ४२ वें, घातलें आहे. दोन्ही वस्तु एकच असत्या तर हा खटाटोप कशाला?

आतां अमरकोशाचा मनुष्यवर्ग. येथें अमरानें वस्त्रांची जी वर्गवारी दिली आहे तिच्याइतकी नेटकी वर्गवारी आमच्या वाचनांत दुसरी नाहीं. त्यानें ‘वस्त्रयोनि’ असा शब्द योजून वस्त्राचीं उत्पत्तिस्थानें चार सांगितलीं : त्वचा, फळ, कृमि आणि रोम. त्वचेपासून म्हणजे सालीपासून झालेलें तें वाल्क, आणि त्याचें पहिलें उदाहरण म्हणून त्यानें क्षौमच दिलें आहे. फळापासून झालेलें तें फाल, अर्थात् कापूस. कृमीच्या कोशापासून झालेलें तें कौशेय. मृगाच्या रोमांपासून झालेलें तें राङ्कव. येथें ‘मृग’ म्हणजे हरिणच असें नव्हे, चतुष्पाद पशु एवढाच अर्थ घ्यावयाचा. वस्त्र हातीं आलें कीं त्यासंबंधीं पहिला प्रश्न ‘हें कशापासून झालें?’ हा, ही अमराची दृष्टि. नंतरच्या व्यापारी याद्यांत वस्त्रांना गांवावरून नांव मिळतें, विणीवरून मिळतें, काठावरून मिळतें. योनीवरून क्वचितच मिळतें. बाराव्या शतकांतील हेमचंद्रानेंहि अभिधानचिंतामणींत हीच चार स्थानें कायम ठेविलीं आहेत. कोशकारांच्या परंपरेंत तरी भेद तोंपर्यंत जिवंत होता.

कोणी म्हणेल, कोशकार हे शब्दांचे व्यापारी, त्यांनीं जुन्या याद्या उतरून घेतल्या. मग कापडाचा खरोखर हिशेब ठेवणाऱ्या ग्रंथाकडे वळूं. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें इ. स. १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें, त्यापूर्वीं या प्रश्नावर असें साधन कोणाच्याच हातीं नव्हतें. त्यांतील कोशांत घेण्याच्या वस्तूंच्या प्रकरणांत आधीं वंग, पुंड्र व सुवर्णकुड्य येथील दुकूलांचे रंग व पोत वर्णिले आहेत, त्यावरूनच काशी व पुंड्र येथील क्षौम समजून घ्यावें असें म्हटलें आहे, मग पत्रोर्ण, मग कौशेय व चीनदेशांतून येणारें चीनपट्ट, आणि शेवटीं कापसाचीं उत्तम वस्त्रें. (या शेवटच्या यादींत अपरान्ताचें, म्हणजे आपल्या कोंकणाचें, नांव आहे. कोंकणांतल्या वाचकांनीं हें लक्षांत ठेवावें.) सूत्राध्यक्षाच्या प्रकरणांत तर विणकरांच्या कर्मशाळाच वेगळ्या मोजल्या आहेत : क्षौमाच्या, दुकूलाच्या, कृमितानाच्या म्हणजे रेशमाच्या, राङ्कवाच्या, कापसाच्या. ज्या अधिकाऱ्याला मजुरी चुकती करावयाची आहे तो एकाच मालाचीं दोन खातीं उघडीत नाहीं. त्याच प्रकरणांत सूत बारीक, जाड कीं मध्यम हें पाहून वेतन ठरवावें, आणि चांगलें सूत काढणाऱ्या बायकांना तेल, आंवळे व उटणें देऊन खूष ठेवावें असें म्हटलें आहे. विषयाशीं याचा संबंध थोडा, पण कौटिल्याला केवळ कठोर म्हणणाऱ्यांनीं हें वाचावें म्हणून नमूद केलें.

धर्मशास्त्रांतील पुरावा आमच्या मतें सर्वांत निर्णायक आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. पहिला ब्रह्मचाऱ्याच्या वस्त्रांचा. गौतमधर्मसूत्रांत शाण, क्षौम, चीर व कुतप हीं ब्रह्मचाऱ्याचीं वस्त्रें म्हणून सांगितलीं आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत शाण, क्षौम व आविक. शाण म्हणजे सणाच्या, अर्थात् तागाच्या तंतूचें. आविक म्हणजे मेंढीच्या लोकरीचें. दोन्ही याद्यांत कौशेय नाहीं. या मालिकेंत क्षौमाचा अर्थ रेशीम केला म्हणजे एका बाजूस जाडाभरडा ताग, दुसऱ्या बाजूस कांबळें, आणि मध्येंच भिक्षेची झोळी घेतलेल्या बटूच्या अंगावर रेशीम, असा विचित्र प्रकार होतो. आपल्याकडे मुंजींत बटूला रेशमी कद नेसवितात ती प्रथा निराळी. जिच्यावरून या संस्काराला ‘मुंज’ हें नांव पडलें ती मेखला मात्र अजून गवताचीच राहिली आहे.

दुसरा पुरावा शुद्धीचा. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत कोणतें वस्त्र कशानें धुवावें हें सांगितलें आहे. रेशीम व लोकर क्षारमातीनें, कुतप म्हणजे पहाडी बकऱ्याच्या लोकरीचें कांबळें रिठ्यानें, अंशुपट्ट बेलफळानें आणि क्षौम पांढऱ्या मोहरीनें. याज्ञवल्क्यस्मृतींतहि थोड्याफार फरकानें हेंच आहे. धुण्याचा पदार्थ निराळा, म्हणून वस्तुहि निराळी, इतकें तर उघडच आहे. पण आम्हांस यांत दुसरीहि एक गोष्ट दिसते. स्मृतिकाराच्या लेखीं वस्त्राची जात ओळखणें हें त्याची निगा राखण्यासाठीं आवश्यक होतें. आज कपड्याच्या आंत शिवलेल्या चिटोऱ्यावर धुण्याच्या खुणा छापतात. मनूचा तो श्लोक हेंच काम करीत होता. कारखानदार कापड निवडतात तेव्हां तें विणण्यास किती पाणी लागलें याचा हिशेब मांडतात, परंतु पुढें दहा वर्षें तें धुण्यास काय लागणार याचा हिशेब मांडणारे थोडे. ज्या कापडाला साधें पाणी व साधा क्षार पुरतो तें आणि ज्याला दर वेळीं धुलाईवाल्याच्या रसायनांत बुडवावें लागतें तें, या दोहोंचें मोल एकच धरणें बरोबर नाहीं.

बौद्ध विनयग्रंथांत हा भेद आणखी स्पष्ट आहे. महावग्गाच्या चीवरविषयक खंधकांत भिक्षूंना सहा प्रकारचीं चीवरें घेण्याची मोकळीक दिली आहे : खोम, कप्पासिक, कोसेय्य, कंबल, साण व भंग. खोम व कोसेय्य हीं दोन निराळीं नांवें एकाच यादींत आहेत, याहून अधिक काय हवें? रेशमाविषयीं विनयांत एक विशेष नियमहि आहे. कांहीं भिक्षु रेशीम करणाऱ्यांकडे गेले व आसनासाठीं कोश मागूं लागले. तेव्हां ते कारागीर कुरकुरले कीं, आम्ही पोटासाठीं, बायकामुलांसाठीं हे अनेक क्षुद्र जीव मारतों तेंच आमचें दुर्दैव, आणि हे श्रमण आणखी मागावयास आले! यावरून रेशीम मिसळलेलें आसन करविणें हा भिक्षूला दोष ठरला. कोणी दान दिलेलें रेशमी चीवर मात्र निषिद्ध झालें नाहीं. ही तडजोड आहे हें खरें. तथापि कापडाची निवड करतांना त्यापायीं कोणाचा जीव जातो, हा प्रश्न इतक्या प्राचीन काळीं आणि तोहि कारागिराच्या तोंडून विचारला गेला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जवसाच्या वस्त्राला हा प्रश्न लागूच पडत नव्हता. क्षौमाला रेशीम म्हणणाऱ्यांनीं नकळत हेंहि पुसून टाकलें.

चुल्लवग्गांत आनंद व राजा उदयन यांचा एक संवाद आहे, तो वस्त्रांच्या इतिहासाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. उदयनाच्या अंतःपुरांतील स्त्रियांनीं आनंदाला पांचशें वस्त्रें दिलीं. राजाला शंका आली कीं हा श्रमण इतक्या वस्त्रांचा व्यापार मांडणार कीं काय. त्यानें एकामागून एक प्रश्न विचारले आणि आनंदानें उत्तरें दिलीं. नवीं वस्त्रें जीर्णवस्त्र भिक्षूंस वांटावयाचीं. त्यांचीं जीर्ण वस्त्रें अंथरुणावर घालावयाचीं. जुने पलंगपोस गादीच्या अभ्र्यांना, जुने अभ्रे जमिनीवर अंथरावयास, तीं जुनीं झालीं कीं पाय पुसावयास, मग धूळ झाडावयास, आणि अखेरीस त्यांच्या चिंध्या चिखलांत मळून जमीन सारवावयाची. वस्त्राच्या एवढ्या अवस्था क्रमवार सांगणारा दुसरा प्राचीन उतारा आम्हांस ठाऊक नाहीं. या मालिकेंतील शेवटची पायरी सालीच्या, कापसाच्या व लोकरीच्या वस्त्राला सहज साधते. आजचें कृत्रिम धाग्याचें किंवा कृत्रिम धागा मिसळलेलें कापड बाकीच्या पायऱ्या उतरेलहि, पण चिखलापाशीं येऊन अडेल.

चीवरांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखाचें स्मरण केल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. दहाव्या लेण्यांतील या लेखांत, वर्ष ४२ मध्यें, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेविल्याचें नमूद आहे. पैकीं दोन हजार दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें, आणि त्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं. हिशेब बरोबर जुळतो : दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस, आणि वीस बारे दोनशें चाळीस. चीवरें कोणत्या तंतूंचीं घ्यावयाचीं, हें लेखांत नाहीं. विनयाच्या सहांपैकीं कोणतेंहि चालत असावें. परंतु वस्त्राचा पैसा विणणाऱ्यांकडेच ठेव म्हणून ठेवावा, आणि तोहि अक्षय, ही योजना करणारा माणूस वस्त्राकडे एका हंगामाची वस्तु म्हणून पाहत नव्हता.

ग्रंथांचा पुरावा येथवर. भूमींतून निघालेला पुरावा याहून जुना आहे, आणि तो आपल्याच प्रांतांतला आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं चांडोली म्हणून गांव आहे. डेक्कन कॉलेजनें १९६० च्या सुमारास तेथें जें उत्खनन केलें, त्यांत ताम्रपाषाणयुगांतील एका दफनांत तांब्याचे मणी मिळाले. ते ज्या दोऱ्यांत ओवले होते त्याचा अवशेष जवसाच्या तंतूचा ठरला. नेवासें येथें तशाच मण्यांत कापसाचा व रेशमाचा धागा असल्याचा निर्णय माटुंग्याच्या कापूस-तंत्र प्रयोगशाळेंतील गुलाटी यांनीं दिला. त्यांतील रेशमाविषयीं विद्वानांत एकवाक्यता नाहीं. तांब्याच्या गंजानें सूत कुजूं दिलें नाहीं, म्हणून हे चार धागे आपल्यापर्यंत पोंचले. नर्मदेकांठच्या नावडातोली येथें जवसाचे दाणे सांपडले आहेत, पण दाणे तेलासाठींहि असूं शकतात. चांडोलीचा दोरा मात्र दोराच आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या आसपास या भूमींत जवसाचें सूत माणसाच्या हातीं होतें, एवढें त्यानें निःसंशय सिद्ध होतें.

मग तें गेलें कोठें? पेशवाईंतल्या कापडाच्या यादींतून जीं नांवें वारंवार भेटतात, शेला, शालू, पैठणी, पीतांबर, मलमल, महमुदी, छीट, खारवा, सकलाद, त्यांत सालीच्या तलम वस्त्राला नांव नाहीं. मराठींत तर लिननला शब्दच उरला नव्हता. बायबलाचें मराठी भाषांतर करणाऱ्यांना तेथें ‘ताग’ हा शब्द पुढें करावा लागला. त्या बिचाऱ्या तागाचीहि कथा गुंतागुंतीची आहे. देशावरील शेतकरी ताग म्हणतो तो हिरवळीच्या खतासाठीं पेरलेला सण. बाजारांत तागाचें पोतें म्हणतात तें बंगालच्या ज्यूटचें. एक शब्द, तीन तंतु.

क्षौमाच्या लोपाचें कारण एक नसावें. जवसाचा तंतु काढणें कष्टाचें आहे. झाड मुळासकट उपटावें लागतें, पाण्यांत किंवा दंवांत कुजवून सालींतला डिंक सैल करावा लागतो, मग वाळवणें, कुटणें, विंचरणें. कापसाचें बोंड उमललें कीं रुई हातीं येते; सरकी काढली, पिंजली, कीं चाती फिरूं लागते. दुसरें, तेल आणि सूत हीं दोन्ही एका शेतांतून भरपूर निघत नाहींत. सुतासाठीं बीं दाट पेरतात म्हणजे झाड फांद्या न फोडतां उंच जातें, आणि दाणा पुरता पिकण्याआधींच तें उपटतात. तेलासाठीं पातळ पेरून फांद्या व बोंडें वाढूं देतात. आपल्या शेतकऱ्यानें तेल निवडलें. कापूस स्वस्त व सोयीचा मिळत असतां त्यानें दुसरें कांहीं निवडावें, असेंहि नव्हतें. रॉयल यांनीं हिंदुस्थानांतील तंतुवनस्पतींवरील आपला ग्रंथ १८५५ सालीं, क्रिमियाच्या युद्धामुळें इंग्लंडास रशियाचा जवस-तंतु व भांग मिळेनाशी झाली असतां, प्रसिद्ध केला. त्यांतहि या देशांत जवस बियांसाठीं पेरतात, तंतूसाठीं नव्हे, हीच तक्रार आहे.

तिसरें कारण आमचा तर्क आहे, तर्क म्हणूनच तें घ्यावें. धर्मकृत्यांत क्षौम सांगितलेलें, आणि क्षौम तर बाजारांत मिळेना. तेव्हां शुभ्र, झळाळदार व मोलाचें असें जें दुसरें वस्त्र मिळत होतें, तें रेशीम, त्याच्या जागीं आलें. जवसाचें उत्तम सूतहि शुभ्र व चमकदार असतें, त्यामुळें कवींच्या वर्णनांना बाध आला नाहीं. पुढें सोंवळ्यांत रेशमी मुकटा व लोकरीची धाबळी हींच दोन वस्त्रें उरलीं. सालीचें तिसरें वस्त्र विसरलें गेलें, आणि त्याचें नांव रेशमानें घेतलें. शब्द राहिला, वस्तु बदलली.

या सर्वांवरून ‘आमच्या पूर्वजांना पर्यावरणाचें सर्व ज्ञान होतें’ असा निष्कर्ष कोणी काढूं पाहील, तर आम्ही त्याच्याशीं सहमत नाहीं. मनूपुढें शुचितेचा प्रश्न होता, कौटिल्यापुढें उत्पन्नाचा, आनंदापुढें दात्याच्या श्रद्धेचा. त्यांच्या प्रश्नांचीं उत्तरें आपल्या प्रश्नाला उपयोगी पडतात हा योग आहे, पूर्वयोजना नव्हे. तसेंच क्षौम सर्वथा निर्दोष, असेंहि नाहीं. तंतु साचलेल्या पाण्यांत कुजविला तर तें पाणी नासतें, मासे मरतात. ज्यानें कोंकणांत सोडणें कुजत घातलेली खाडी पाहिली आहे त्याला हें वेगळें सांगावयास नको. युरोपांत हल्लीं शेतांतच दंवांत कुजवितात, त्यास ओलसर हवा लागते. आपल्या कोरड्या माघ-फाल्गुनांत तें कितपत साधेल, हा विचार करावयास हवा.

पूर्व विदर्भांत भाताचें पीक उभें असतांनाच त्यांत जवस फेकून पेरण्याची उतेऱ्याची चाल अद्याप आहे. जमिनींत राहिलेल्या ओलीवर तें पीक येतें, त्याला निराळें पाणी द्यावें लागत नाहीं. परंतु तें ठेंगणें, फांद्यांचें, तेलाचें जवस. त्यापासून युरोपांतल्यासारखें लांब सूत निघेल अशा आशेवर कोणी भांडवल घालूं नये. तेल व तंतु दोन्ही बेताचे देणारे दुहेरी उपयोगाचे वाण संशोधन-संस्थांनीं काढले आहेत, त्यांकडे लक्ष देण्यासारखें आहे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्हीं एवढेंच लिहिलें कीं, आयात लिनन घ्यावयाचें तर घ्या, पण त्यांत कृत्रिम धागा मिसळलेला नसेल तें पाहा. आणि कोरडवाहू कापसाच्या जाड कापडाला कमी लेखूं नका, कारण तो तंतु गाडीनें येतो, जहाजानें नव्हे. कुमाऊं-गढवालच्या पहाडांत भांगेच्या तंतूचें जाड कापड करण्याची कला परंपरेनें चालत आली आहे, म्हणजे विनयांतील ‘भंग’ अगदींच निर्वंश झालेला नाहीं, हेंहि त्यांना कळविलें.

राहतां राहिली संग्राहकांना विनंति. सालीच्या तंतूचा वंश आपणांपैकीं प्रत्येकाच्या कपाटांत आहे. जुना देशी कागद बऱ्याच अंशीं झिजलेल्या दोरखंडांचा, पोत्यांचा व चिंध्यांचा लगदा करून केलेला असे. तेव्हां जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावरची पोथी उलगडणारा मनुष्य एखादे वेळीं वाल्कच उलगडीत असतो. पण आम्हांस विशेष हवीं आहेत तीं बासनें. पोथ्यांभोंवतींचे रुमाल, देवघरांतील जुनीं आच्छादनें, मठांतून आलेलीं वस्त्रें, ज्यांना परंपरेनें ‘क्षौम’ किंवा ‘दुकूल’ म्हणतात, अशीं ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं कांठाचा आपोआप सुटलेला एखादा धागा तपासून पाहावा. पोथीच्या किंवा वस्त्राच्या अंगाला हात लावूं नये. धागा जाळला असतां केंस जळल्यासारखा वास येऊन काळी गुठळी उरली तर तें रेशीम किंवा लोकर. कागद जळल्यासारखा वास येऊन हलकी राख उरली तर तो वनस्पतीचा तंतु. सूक्ष्मदर्शकाखालीं कापसाचा तंतु पिळलेल्या फितीसारखा दिसतो, जवसाचा बांबूसारखा पेरेंपेरें असलेला. जवस आणि भांग यांतील भेद ओळखावयाचा तर सुटा तंतु भिजवून, मोकळें टोंक आपल्याकडे करून वाळूं द्यावा. जवसाचा घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें वळतो, भांगेचा उलट. असा एकहि धागा जवसाचा निघाला तर वस्त्राचें माप, विणीची दाटी, बरोबरच्या पोथीचा लेखनशक आणि तें कोणत्या गांवाहून आलें ही माहिती मंडळाच्या पत्त्यावर कळवावी.